मोंते आल्बान: पाणी नसलेल्या डोंगरावर वसवलेली झापोटेकांची राजधानी

पठारवासी

मेक्सिको म्हटलं की आपल्याकडे चर्चा माया आणि ॲझ्टेक या दोन नावांपलीकडे जात नाही. या दोघांच्या मध्ये दक्षिण मेक्सिकोच्या डोंगराळ भागात झापोटेकांनी एक शहर उभं केलं आणि ते बारा-तेराशे वर्षं नांदतं ठेवलं. ॲझ्टेकांची राजधानी पुरती दोनशे वर्षंही टिकली नाही, हे लक्षात घेतलं की या शहराचं वजन कळतं. म्हणून हा स्वतंत्र धागा. चुका आढळल्या तर जरूर दुरुस्त करा.

आधी भूगोल, कारण त्याशिवाय पुढचं काहीच उलगडत नाही. वाहाका (इंग्रजी नकाशांमुळे आपल्याकडे 'ओअक्साका' म्हणतात) हे समुद्रसपाटीपासून साधारण १५५० मीटर उंचीवरचं खोरं आहे. त्याला तीन फाटे आहेत: वायव्येला एत्ला, पूर्वेला त्लाकोलूला आणि दक्षिणेला 'मोठं खोरं' म्हणतात तो भाग. हे तीन फाटे जिथे मिळतात, नेमका तिथेच खोऱ्याच्या तळापासून सुमारे ४०० मीटर उंच उठलेला डोंगर म्हणजे मोंते आल्बान. हे नाव स्पॅनिश काळातलं.

शहर वसण्याआधी खोऱ्यातलं सर्वांत मोठं गाव होतं एत्ला फाट्यातलं सान होसे मोगोते, वस्ती हजाराच्या आसपास. इ.स.पू. ७०० ते ५०० या काळात तिन्ही फाट्यांत एकेक प्रबळ गाव होतं आणि त्यांच्या मधोमध सुमारे ८० चौरस किलोमीटरचा जवळजवळ ओसाड पट्टा होता. शेतीला बरी जमीन असूनही तिथे कोणी राहत नव्हतं, कारण शेजाऱ्यांची भीती. इ.स.पू. ६०० च्या सुमारास सान होसे मोगोतेचं मुख्य देऊळ जाळलं गेलं. आग इतकी भडकली की कुडाच्या भिंतींवरचा मातीचा गिलावा वितळून त्याचे काचेसारखे गोळे झाले. साधी चूल भडकून असं होत नाही.

इ.स.पू. ५०० च्या आसपास सान होसे मोगोते जवळजवळ रिकामं होतं, एत्लातली आणखीही गावं ओस पडतात आणि त्याच सुमारास त्या ओसाड पट्ट्यातल्या डोंगरावर एकदम वस्ती दिसू लागते. दोनशे वर्षांत ती पाच हजारांवर जाते आणि इ.स.पू. १०० पर्यंत सतरा हजारांच्या घरात. घर-घर वाढत गाव मोठं होतं तशी ही वाढ नव्हे. लोकांनी ठरवून मुक्काम हलवला.

डोंगरावर ना झरा, ना नदी. माथ्यावरचे उंच खडक फोडून, खोलगट जागा भरून जवळजवळ ३०० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद मैदान सपाट केलं. जे खडक फोडता येण्याजोगे नव्हते ते तसेच ठेवून त्यांच्याभोवती दगड रचला आणि वर इमारती चढवल्या. मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या इमारतींच्या पोटात असा मूळचा खडक आहे. हे सगळं काम माणसांच्या पाठीवर झालं. ओझ्याचं जनावर नाही, चाकाची गाडी नाही, धातूची छिन्नी नाही. दगडावर दगडाचंच हत्यार.

उतारांवर लोकांनी टप्पे काढले. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ रिचर्ड ब्लँटन यांनी अख्खा डोंगर पायी पालथा घालून असे २०७३ टप्पे मोजले. टप्पा काढायचा म्हणजे उताराच्या खालच्या बाजूला दगडी बांध घालायचा, वरची माती खणून बांधामागे भरायची, ती चोपायची आणि त्यावर घर बांधायचं. आपल्याकडे डोंगरउतारावर ताली घालतात तीच रीत, फक्त इथे तालीवर शेतापेक्षा घरं जास्त. उत्तर आणि पश्चिम बाजूंना चढ सोपा आहे, म्हणून तिथे सुमारे ३ किलोमीटर लांबीचा तट.

---

मळेकरी

धागा आवडला. पण सतरा हजार लोक आणि पाणी खाली, हे गणित कसं बसवायचं? माणशी रोजचे फक्त पाच लिटर धरले तरी ८५,००० लिटर होतात. वीस लिटरची एक घागर धरली तर रोजच्या ४,२५० खेपा, त्याही चढाच्या. बांधकामाच्या चुन्याला आणि मातीच्या विटांना लागणारं पाणी यात धरलेलं नाही.

---

पठारवासी

@मळेकरी, गणित बरोबर आहे, फक्त सगळे लोक माथ्यावर नव्हते हे त्यात घाला. बरीच घरं उतारावर खालपर्यंत होती, त्यामुळे खेप आखूड. पावसाळ्यात छपरांवरून आणि अंगणांतून पडणारं पाणी धरता येतं. मैदानाखाली आणि अंगणांखाली दगडी पन्हळी सापडल्या आहेत. पण कोरड्या महिन्यांत पाणी खालूनच येणार, याला इलाज नाही.

धान्याचं म्हणाल तर डोंगराच्या पायथ्याशी शोशोकोत्लानच्या बाजूला एका घळीत त्या काळचा बंधारा सापडला आहे. त्याचा कालवा सुमारे २ किलोमीटर लांब. तो पायथ्याच्या शेतांसाठी होता, वरच्या शहराला त्यातून पाणी चढत नव्हतं. या दोन गोष्टींची गल्लत फार जणांकडून होते.

---

मळेकरी

मग खोऱ्यातली हातशिंपणाची पद्धतही नोंदवून ठेवतो. पाऊस वर्षाला साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. पण खोऱ्याच्या तळाला काही पट्ट्यांत भूजल तीन मीटरवर लागतं. तिथे शेतातच छोट्या विहिरी खणतात, मडक्याने पाणी शेंदून मक्याच्या एकेका ताटाच्या बुडाशी ओततात. पाट नाही, मोट नाही. एका शेतात अशा कित्येक विहिरी असतात, कारण भरलं मडकं घेऊन दहा-बारा पावलांपेक्षा जास्त चालावं लागलं तर दिवस पुरत नाही. ही पद्धत सान होसे मोगोतेच्याही आधीपासून आहे आणि खोऱ्यातल्या काही गावांत अगदी अलीकडेपर्यंत चालू होती. धोका एकच: पाणी अती ओतलं आणि जमिनीचा निचरा वाईट असला तर क्षार वर येतात.

ज्यांना इतकी सोपी जमीन खाली होती, त्यांनी डोंगर का गाठला, हाच खरा प्रश्न.

---

अक्षरवेडी

त्यावर तीन मतं आहेत.

ब्लँटन यांचं म्हणणं असं की तिन्ही फाट्यांच्या प्रमुखांनी मिळून कोणाच्याच नसलेल्या जागी राजधानी केली. म्हणून ती मधोमध आणि म्हणून ओसाड पट्ट्यात.

जॉइस मार्कस आणि केंट फ्लॅनरी यांच्या मते ही एत्लावाल्यांची चाल. देऊळ जळल्यावर त्यांनी उंच जागा धरली आणि तिथून बाकीचे दोन फाटे जिंकले.

तिसरं मत धर्माकडे बोट दाखवतं: डोंगर म्हणजे पाऊस आणि पूर्वज यांचं ठिकाण, तिथे सगळ्यांनी मिळून नवं देवस्थान मांडलं आणि शहर त्याभोवती वाढलं.

मला दुसरं मत जास्त पटतं आणि त्याचं कारण दक्षिण फाट्यात आहे. तिल्काहेते इथे चार्ल्स स्पेन्सर आणि एल्सा रेडमंड यांनी अनेक वर्षं खोदलं. तिथलं जुनं गाव इ.स.पू. ३०० च्या थोडं आधी जाळलं गेलं. लोक गाव सोडून गेले नाहीत. शेजारच्याच चढावर सरकले, तट घातला, राजवाडा बांधला. पुढे इ.स.पू. पहिल्या शतकात तेही जाळलं गेलं आणि मग मात्र त्या जागी मोंते आल्बानच्या धर्तीची देवळं उभी राहिली. तिघांनी संगनमताने राजधानी केली असती तर त्यांतल्याच एका फाट्याने तीनेकशे वर्षं झुंज का दिली असती?

---

उत्तररात्र

'नाचणारे' म्हणून जे दगड प्रसिद्ध आहेत त्यांच्यावर कोणीतरी लिहा. ते खरंच नर्तक आहेत का?

---

अक्षरवेडी

नाहीत. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

स्पॅनिशमध्ये त्यांना 'दान्सान्तेस' म्हणतात, म्हणजे नर्तक. तीनशेहून जास्त शिळा आहेत. मैदानाच्या पश्चिम बाजूला असलेल्या 'एल' (L) इमारतीच्या सर्वांत जुन्या थरात त्या मुळात भिंतीला लावलेल्या होत्या, एक रांग उभ्या आकृत्यांची आणि तिच्यावर एक रांग आडव्यांची. पुढच्या बांधकामांत त्या उपटून पायऱ्यांना, कोपऱ्यांना वापरल्या, म्हणून आज विखुरलेल्या दिसतात. मूळ जागी फारच थोड्या उरल्या आहेत.

शिळा बघताना पुढच्या क्रमाने बघा. पहिल्यांदा डोळे: ते मिटलेले, नुसती एक आडवी रेघ. मग तोंड: ओठ सैल, बहुतेकदा उघडे. मग हातपाय: सांध्यांत ढिले, पाय कशावरच टेकलेले नाहीत. आकृतीखाली जमिनीची रेघच नाही. नाचणाऱ्या माणसाचा निदान एक पाय तरी जमिनीला हवा. मग अंग: बहुतेक सगळे नागवे आणि मेसोअमेरिकेत (मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जुन्या संस्कृतींच्या प्रदेशात) नागवं दाखवणं म्हणजे मानहानी. काहींच्या जांघेत फुलाच्या पाकळ्यांसारखी नक्षी आहे, ती वाहत्या रक्ताची खूण. शेवटी डोक्याजवळची एक-दोन चिन्हं बघा, ती त्या माणसाचं नाव सांगत असावीत.

१९६२ मध्ये मायकेल को यांनी हे मारलेले कैदी आहेत असं मांडलं आणि पुष्कळांनी ते स्वीकारलं. हावियेर उर्सिद यांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात की हे शहरातलेच योद्धे असून वयाच्या पायऱ्यांप्रमाणे मांडले आहेत आणि रक्त आहे ते स्वतःहून काढून देवाला वाहिलेलं. दोन्ही बाजू मान्य करतात ती गोष्ट अशी की शहर वसून फार काळ झालेला नसताना एवढ्या शिळा एकाच भिंतीवर लावल्या गेल्या, म्हणजे कोणाला तरी काहीतरी ठणकावून सांगायचं होतं.

याला आधीचा एक नमुनाही आहे. सान होसे मोगोतेच्या देवळाशेजारच्या बोळात उंबऱ्यासारखी आडवी टाकलेली एक शिळा सापडली. तिच्यावर असाच एक माणूस, छातीतून रक्त वाहतंय आणि दोन पायांच्या मध्ये चिन्ह: '१ भूकंप'. झापोटेकांमध्ये जन्मदिवसाचंच नाव माणसाला मिळे, तेव्हा हे त्याचं नाव. बोळातून जाणारा प्रत्येक जण त्याच्यावर पाय देऊन जाणार, अशी ती जागा. शिळेच्या कडेवरून कोरलेली रक्ताची धार खाली उतरते. तिचा काळ मार्कस आणि फ्लॅनरी इ.स.पू. ६०० च्या आसपास धरतात. काही जण तो अलीकडे ओढतात.

---

गणिती

'१ भूकंप' आलंच आहे तर पंचांग समजून घेऊ. झापोटेक पंचांगाशिवाय तिथली एकही शिळा वाचता येत नाही.

दोन चक्रं आहेत. पहिलं 'पिये': २० दिवसनावं आणि १ ते १३ आकडे एकत्र फिरतात. २० × १३ = २६०. दुसरं 'यसा', ३६५ दिवसांचं. आपल्याकडे वार आणि तिथी स्वतंत्र फिरतात आणि सोमवारी अमावस्या आली की आपण तिला सोमवती म्हणून वेगळी ओळखतो, तशीच ही जोडी.

आकडे लिहायची पद्धत सोपी: टिंब म्हणजे १, आडवी दांडी म्हणजे ५. दोन दांड्या तीन टिंबं म्हणजे १३. त्याहून मोठा आकडा दिवसाच्या नावाबरोबर येऊच शकत नाही. आला असेल तर एकतर शिळा झिजली आहे किंवा तुम्ही शेजारची नक्षी आकड्यात धरली आहे.

वर्षाला नाव कसं पडतं? ३६५ ला २० ने भागा, बाकी ५ उरते. म्हणजे दर वर्षी वर्षवाहक दिवस (ज्याच्यावरून वर्षाला नाव मिळतं तो) पाच घरं पुढे सरकतो आणि वीसपैकी फक्त चारच दिवसांना वर्षवाहक व्हायचा मान मिळतो: वारा, हरीण, गवत आणि भूकंप. ३६५ ला १३ ने भागा, बाकी १. म्हणून आकडा दर वर्षी एकाने वाढतो. १ वारा, २ हरीण, ३ गवत, ४ भूकंप, ५ वारा, असं करत ४ × १३ = ५२ वर्षांनी पुन्हा १ वारा.

अडचण इथेच आहे. शिळेवर '४ भूकंप' हे वर्ष वाचलं तरी ते कुठलं ५२ वर्षांचं चक्र, हे शिळा सांगत नाही. मायांनी अखंड दिवसगणना ठेवली, म्हणून त्यांची तारीख आपल्या तारखेत बसवता येते. झापोटेकांनी तशी गणना कोरलेली नाही. त्यामुळे काळ ठरवायला थर, खापरं आणि कोळसा यांचाच आधार.

वर्षाचं चिन्ह ओळखायची खूण: दिवसचिन्हाला जोडून मुकुटासारखं शिरोभूषण असेल तर ते वर्ष, नसेल तर साधा दिवस किंवा माणसाचं नाव. हे मेक्सिकन पुरातत्त्वज्ञ अल्फोन्सो कासो यांनी १९२८ मध्ये दाखवून दिलं.

---

उत्तररात्र

म्हणजे २६० दिवसांचे चार भाग केले तर ६५ चा एक. त्याला वेगळं नाव होतं का?

---

गणिती

होतं, 'कोसिहो'. पाऊस आणि वीज यांच्या देवाचंही हेच नाव. फ्राय हुआन दे कोर्दोवा या डोमिनिकन धर्मोपदेशकाने १५७८ मध्ये छापलेल्या पुस्तकांत हे नोंदवून ठेवलं. चिन्हं वाचायला आज जी भाषा हाताशी आहे तिचा मोठा भाग त्याच्या शब्दकोशातून येतो. झापोटेक ही सूर बदलला की अर्थ बदलणारी भाषा आहे आणि कोर्दोवाने सूर नोंदवले नाहीत, ही त्या कोशाची मोठी उणीव.

---

पठारवासी

आता 'जे' (J) नावाची इमारत. मैदानावरच्या बाकी सगळ्या इमारती साधारण उत्तर-दक्षिण, ही एकटीच सुमारे ४५ अंशांत वळलेली आणि वरून बघितली तर बाणाच्या टोकासारखी. दक्षिणेकडच्या चौथऱ्यासमोर उभी आहे. काळ इ.स.पू. १०० ते इ.स. २००. हिच्या भिंतीत चाळीसहून जास्त शिळा बसवल्या आहेत, ज्यांना 'विजयशिळा' म्हणतात.

एक शिळा अशी वाचायची. मधलं चिन्ह डोंगराचं, म्हणजे 'अमुक जागा'. त्याच्या वर किंवा आत दुसरं चिन्ह, ते जागेचं नाव. डोंगराखाली उलटं टांगलेलं डोकं, डोळा मिटलेला, डोक्यावर त्या त्या भागाचं शिरोभूषण. कधी कधी शेजारी वर्ष आणि दिवस. कासो यांनी उलट्या डोक्याचा अर्थ 'ही जागा जिंकली' असा लावला.

मार्कस यांनी त्यांतली काही नावं ओळखली. गाणाऱ्या डोक्याचं चिन्ह म्हणजे क्विकात्लान, 'गाण्याची जागा'. मक्याचा तुरा म्हणजे मियावात्लान. पक्षी म्हणजे तुतुतेपेक, 'पाखराचा डोंगर'. ही नावं आज ॲझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत आहेत, पण अर्थ तोच राहिला असं त्यांचं गृहीत आहे.

क्विकात्लानच्या बाबतीत जमिनीतूनही पुरावा निघाला. तिथल्या दरीत स्पेन्सर आणि रेडमंड यांनी ला कोयोतेरा हे गाव खोदलं. जुनं गाव जळून संपलेलं आणि नंतरच्या थरात देवळासमोर ६१ कवट्या, रांगेने मांडणीवर लावल्यासारख्या.

---

अक्षरवेडी

@पठारवासी, क्विकात्लान मान्य, पण तुतुतेपेक किनाऱ्याकडे आहे, मध्ये उंच डोंगररांगा आहेत आणि तिथल्या उत्खननात मोंते आल्बानने जिंकल्याच्या खुणा निघालेल्या नाहीत. तिथली भांडीही आपल्याच वळणाची राहिली. 'पक्ष्याचा डोंगर' हे नाव मेक्सिकोत कितीतरी टेकड्यांना आहे. म्हणून नावाच्या जोरावर साम्राज्याचा नकाशा रंगवणं धोक्याचं. जिथे चिन्ह, जळका थर आणि भांड्यांमधला बदल या तिन्ही गोष्टी जुळतात, तेवढंच जिंकलेलं धरावं.

---

पठारवासी

मान्य. 'साम्राज्य' हा शब्द मीही जपूनच वापरेन. दक्षिण चौथरा आणि तेओतिवाकान (मध्य मेक्सिकोतलं तेव्हाचं मोठं शहर) यांच्याबद्दलही तुम्हीच लिहा.

---

अक्षरवेडी

लिहिते, कारण मला सगळ्या शहरात तोच भाग सर्वांत रंगतदार वाटतो.

दक्षिण चौथऱ्याच्या कोपऱ्यांत उभ्या शिळा बसवल्या आहेत. दर्शनी बाजूंवर एक राजा सिंहासनावर बसलेला आणि बाकीच्यांवर हात मागे बांधलेले कैदी, प्रत्येक जण आपापल्या गावाच्या डोंगरचिन्हावर उभा. मैदानातून येणाऱ्या माणसाला एवढंच दिसणार: आमचा राजा आणि त्याने धरून आणलेले लोक.

पण काही शिळांच्या कडांवर आणखी कोरीव काम आहे. शिळा भिंतीत बसवल्यावर ते झाकलं जाईल अशाच जागी ते कोरलं आहे. तिथे तेओतिवाकानहून निघालेले पाहुणे आहेत: डोक्यावर गोंड्यांची शिरोभूषणं, हातात धूपाच्या पिशव्या. एकाही पाहुण्याच्या हातात शस्त्र नाही. कोपऱ्यांखाली दगडी पेट्यांत शिंपले आणि हिरव्या दगडाचे मणी पुरलेले मिळाले. म्हणजे राज्यारोहणाला त्या काळच्या सर्वांत बलाढ्य शहराचे दूत हजर होते, ही गोष्ट लोकांसाठी नव्हती. देवांना आणि पूर्वजांना कळली म्हणजे झालं. काळ इ.स. २०० ते ५०० मधला.

उलट दिशेचा पुरावाही आहे. सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर तेओतिवाकानच्या पश्चिम कडेला झापोटेकांची आळी होती. तिथे वाहाकाच्या वळणाची थडगी आणि कोसिहोची मातीची पात्रं सापडतात. पिढ्यानपिढ्या परमुलखात राहून त्यांनी मेलेल्याला घराखाली पुरायची आपली रीत सोडली नाही.

---

खापरतुकडा

भांड्यांचा उल्लेख वरचेवर येतोय, तर काळ कसा ठरतो ते सांगतो.

कासो यांनी १९३१ पासून अठरा हंगाम इथे खोदलं. सोबत इग्नासियो बेर्नाल आणि होर्हे अकोस्ता. या तिघांनी खापरांवरून शहराचे पाच काळ पाडले: पहिला इ.स.पू. ५०० ते १००, दुसरा इ.स. २०० पर्यंत, तिसरा (अ आणि ब) साधारण ७५० पर्यंत, पुढे चौथा आणि पाचवा थेट स्पॅनिश येईपर्यंत. मोंते आल्बानची ओळख म्हणजे राखाडी मातीची भांडी. भट्टीत हवा कोंडून भाजलं की माती लाल न होता राखाडी होते. पहिल्या काळात वाडग्याच्या आतल्या तळाला फणीने ओढलेल्या रेघा असतात. मळलेल्या कणकेवर काटा फिरवावा तशा. नुसता तळाचा तुकडा हाती लागला तरी काळ सांगता येतो.

पहिल्याच काळात आणखी एक वस्तू घराघरांत येते: कोमाल, म्हणजे मक्याच्या भाकरीचा मातीचा तवा. आधी मका शिजवून खात. भाकरी दिवसभर टिकते, बांधून नेता येते. रानात नाहीतर बांधकामावर दिवस काढणाऱ्यांना ती सोयीची. तव्याचे तुकडे वाढले की बाहेर राबणारी माणसं वाढली, असा तर्क त्यामुळे करतात.

चूक कुठे होते? इमारतीच्या भरावात. नवा चौथरा बांधताना जुन्या उकिरड्याची माती आणून ओतत. त्यामुळे चौथऱ्याच्या पोटातली बहुतेक खापरं इमारतीपेक्षा जुनी. भरावातलं सर्वांत नवं खापर धरायचं. इमारत त्याच्या वेळची किंवा नंतरची. जुनं खापर धरलं तर चारशे-पाचशे वर्षांनी सहज चुकाल. आणि भरावावरची चुन्याची जमीन अखंड आहे ना, हे आधी तपासायचं. ती कुठे फुटलेली असेल तर वरची खापरं खाली उतरलेली असतात.

---

उत्तररात्र

सोन्यासाठी गाजलेलं सात नंबरचं थडगं झापोटेक राजाचंच ना?

---

खापरतुकडा

थडगं झापोटेकांचं, सोनं मिश्तेक या त्यांच्या शेजारच्या लोकांचं. कासो ९ जानेवारी १९३२ रोजी आत उतरले. खाली झापोटेकांनी ठेवलेली राखाडी भांडी आणि पात्रं. त्यानंतर काही शतकांनी, शहराचा बहर ओसरल्यावर, ते थडगं पुन्हा उघडून त्यात नवे मृत आणि त्यांचा ऐवज ठेवला गेला: सोनं, चांदी, स्फटिक, फिरोजाने मढवलेली कवटी, कोरलेली हाडं. चारशेहून जास्त वस्तू. हाडांवरची चित्रं मिश्तेक पोथ्यांतल्या चित्रांशी जुळतात, त्यावरून कासो यांनी ओळखलं.

मुख्य सांगाडा पुरुषाचा असं तेव्हा धरलं होतं. १९९० च्या दशकात शॅरिस आणि जॉफ्री मॅककॅफर्टी यांनी लक्ष वेधलं की कोरलेली हाडं म्हणजे मागाच्या छोट्या हात्या (विणताना धागा ठोकायच्या पट्ट्या) आहेत आणि सोबत सूत कातायच्या चकत्याही आहेत. त्यांच्या मते तो सांगाडा बाईचा असावा. वाद मिटलेला नाही, पण निदान 'राजाचं थडगं' असं सरसकट म्हणू नये.

झापोटेकांचं स्वतःचं थडगं बघायचं तर १०४ नंबर. दारावर मातीचं पात्र, त्यावर बसलेली आकृती, शिरोभूषणात कोसिहोचा चेहरा. आत भिंतींत कोनाडे आणि रंगवलेली चित्रं. १०५ मध्ये भिंतींवर स्त्री-पुरुषांची मिरवणूक आहे. ही थडगी घराच्या अंगणाखाली किंवा खोलीखाली असत आणि ती पुन्हा पुन्हा उघडत. नवा मृत आला की जुनी हाडं बाजूला सारायची.

---

मळेकरी

शेवट कसा झाला? दुष्काळ?

---

पठारवासी

एका कारणावर बोट ठेवता येत नाही. तेओतिवाकानचं बळ सहाव्या-सातव्या शतकात सरलं. मोंते आल्बान उलट त्याच काळात सर्वांत मोठं झालं, वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. मग ७५० ते ९०० दरम्यान मैदानावरचं बांधकाम थांबलं, पडकी भिंत कोणी दुरुस्त करेना. लोक मेले नाहीत, पांगले. दक्षिणेकडचं हालिएसा खोऱ्यातलं सर्वांत मोठं गाव झालं. पूर्वेला लांबित्येको होतं, तिथे मीठ तयार करत.

लांबित्येकोच्या एका वाड्यातलं चुन्याचं शिल्प इथे सांगायलाच हवं. दाढीवाला पुरुष हातात माणसाच्या मांडीचं हाड धरून आहे. त्याच वाड्याखालच्या थडग्यात सांगाडे मोजले तर मांडीची हाडं कमी भरतात. पूर्वजाचं हाड हातात म्हणजे गादीचा हक्क हातात. राजधानीची गरज उरली नव्हती. प्रत्येक घराणं आपापल्या पूर्वजाच्या हाडावर राज्य करू लागलं. पुढे साचिला आणि मित्ला ही ठिकाणं मोठी झाली.

म्हणून 'शहर गूढरीत्या नाहीसं झालं' हे वाक्य चुकीचं. डोंगरावर थोडीफार वस्ती आणि थडग्यांची ये-जा पाचव्या काळापर्यंत चालू होती. झापोटेक आजही लाखांच्या संख्येने आपली भाषा बोलतात आणि स्वतःला 'ढगांचे लोक' म्हणवतात.

---

उत्तररात्र

प्रत्यक्ष जाणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

---

खापरतुकडा

वाहाका शहरातून डोंगर जवळच आहे. सात नंबरच्या थडग्यातला ऐवज डोंगरावर नाही. तो शहरातच सान्तो दोमिंगोच्या जुन्या मठातल्या संग्रहालयात आहे.

डोंगरावर पोचलात की आधी तिथलं छोटं संग्रहालय बघा. एल इमारतीजवळ मोकळ्यावर दिसणाऱ्या बऱ्याच शिळा प्रतिकृती आहेत, मूळ आत ठेवल्या आहेत. कोरीव काम उथळ आहे, उजेड समोरून पडला तर रेघा दिसतच नाहीत. उन्हाची तिरीप शिळेला घासून जाईल अशा बाजूला उभं राहा, मिटलेला डोळा तेव्हाच दिसतो.

भिंती बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा: आजचा आकार बराचसा १९३० आणि ४० च्या दशकांतल्या डागडुजीचा आहे आणि तेव्हा जागोजागी सिमेंट वापरलं. दगड-मातीची भिंत भूकंपात थोडी हलते आणि पुन्हा बसते. सिमेंटचा पट्टा हलत नाही, म्हणून जोडावर तडा जातो आणि त्यातून पावसाचं पाणी भरावात शिरतं. भराव फुगला की दर्शनी दगड बाहेर ढकलले जातात. सप्टेंबर २०१७ च्या भूकंपांत अनेक इमारती अशा फुटल्या आणि दुरुस्तीला काही वर्षं लागली. म्हणून दगडांमधल्या चुन्याच्या दर्जा (सांधे) कुठे आहेत आणि सिमेंटच्या कुठे, ते बघत फिरा. चुन्याची दर्ज नखाने खरवडली तर भुकटी सुटते, पण ती खरवडायची नाही. रंगावरूनही कळतं, चुना पिवळसर पांढरा आणि सिमेंट निळसर करडं.